चेरीतले मूठभर तांदूळ

माझ्या शहाणपणाचं पहिलं कौतुक झालं ते एका माणसाला फसवण्यावरून. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आम्ही कुंभकोणमला राहत होतो. कौतुक आत्येने केलं, माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी वडिलांविषयी बरंच कडू बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की मुलगी स्वतः मात्र नामानिराळी राहिली. तसं काही नव्हतं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठे राजे दक्षिणेत गेले तेव्हा त्यांच्यामागून जी ब्राह्मणांची घरं गेली त्यांतलं एक आमचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. लग्न होऊन मी महाराष्ट्रात आले तेव्हा सासरच्या शेजारणी माझं बोलणं ऐकायला मुद्दाम यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. आता माझी मराठी सुधारली असं म्हणतात. असेल.

वडील शाळेत गणित शिकवायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते भजनामुळे. कावेरीच्या घाटाजवळच्या आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे विठ्ठलाचा मठ होता. दर एकादशीला तिथे भजन व्हायचं, आणि शेवटी सगळेजण एकमेकांच्या पाया पडायचे. त्यात लहानमोठं काही नव्हतं. वकील, सराफ, पोस्टमास्तर माझ्यासारख्या परकरी पोरीच्या पायाला हात लावायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. देवापुढे उच्चनीच नाही, हे आम्ही चार रागांत आळवून म्हणत होतो. म्हणताना कुणाचा आवाज कधी अडखळला नाही, माझाही नाही. समोरच्या दाराने येतील तेच सगळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडत नव्हती.

मागच्या दाराने एक बाई यायची. कावेरीचा पूल ओलांडून मेलकावेरीच्या पुढे, चोळपुरमच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला एक चेरी होती. अस्पृश्यांच्या वस्तीला तिकडे चेरी म्हणतात. तिथून ती उजाडता उजाडता चालत यायची, गोठा झाडायची, शेण काढायची, गाईपुढे गवत टाकायची आणि ऊन चढायच्या आत परत जायची. गोठ्याच्या पुढे तिचं पाऊल कधी पडलं नाही. तिचा नवरा एका मिरासदाराच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या शेतावर मजूर होता. चेरीतल्या सगळ्या झोपड्या त्या मिरासदाराच्याच जमिनीवर उभ्या होत्या. आमच्या मठाच्या उत्सवाला तांदूळ आणि तूप पुरवायचा तोही तोच.

एकादशीला संध्याकाळी हा नवरा आमच्या परसाच्या भिंतीबाहेर येऊन उभा राहायचा. किती वर्षं येत होता कुणास ठाऊक, मला कळायला लागल्यापासून येत होता. मराठीचं अवाक्षर त्याला समजत नव्हतं, पण आमचे सगळे अभंग त्याला पाठ होते. उच्चार इतके स्वच्छ की आत्या म्हणायची, मठात टाळ कुटणाऱ्या निम्म्यांपेक्षा याचं बरं. आत भजन रंगात आलं की भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, थोडासा मागून, आणि वडील त्याच्यासाठी लय किंचित रोखून धरायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी वडिलांना नुसतं ढोंगी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर माझं आयुष्य पुष्कळ सोपं झालं असतं.

एकदा त्याने मला भिंतीवरून एका अभंगाचा अर्थ विचारला. मी शाळेत उत्तर द्यावं तसा धडाधड सांगितला, की देव जात विचारत नाही, जो हाक मारील त्याच्याकडे जातो. त्याने ती ओळ मनाशी एकदा म्हटली. मग म्हणाला, चालीवरून त्यालाही तसंच वाटलं होतं.

ती वर्षं गडबडीची होती. स्वराज्य येऊन थोडाच काळ झाला होता. देवळांची दारं कायद्याने सगळ्यांना उघडी झाली होती, पण आमचा मठ म्हणजे घर आहे, देऊळ नव्हे, हे उत्तर आमच्या तोंडात तयार असायचं. काळे शर्ट घातलेली ब्राह्मणविरोधी चळवळीची मंडळी बाजारात सभा घेऊन देवाचीच टिंगल करायची, आणि आमच्याकडे खिडक्या लावून घ्यायचे. शेतांमधून लाल बावटा आला होता. मजुराने चाबूक खाऊ नये, कापणीच्या वेळी धान्याचं माप पुरं मागून घ्यावं, पायात वहाणा घालून मालकाच्या गल्लीतून चालावं, असं ते लोक शिकवायचे. आमच्या घरात या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता, तो म्हणजे कलियुग. तो उच्चारला की कुणाला आणखी काही बोलावं लागायचं नाही.

भिंतीपलीकडच्या त्या माणसाचा मोठा मुलगा लाल बावट्यात गेला होता. बापाशी त्याचं रोज वाजायचं, हे त्याची आई गोठ्यात शेण थापता थापता मला सांगायची. मुलगा बापाला विचारायचा, भिंतीबाहेर उभा राहून तू ज्याला आळवतोस त्याने इतक्या वर्षांत तुला एकदा तरी आत ये म्हटलंय का? बाप एकादशीला पुन्हा आमच्या भिंतीशी यायचा.

मार्गळीत, म्हणजे आपल्या धनुर्मासात, मठाचा उत्सव असायचा. शेवटच्या दिवशी पहाटे वडील उंछवृत्तीला निघायचे. डोक्याला पागोटं, पायात घुंगरू, हातात चिपळ्या, आणि खांद्याला अडकवलेलं पितळेचं पात्र. अभंग म्हणत गल्ल्यांमधून जायचं, कुणाच्या दाराशी मागायचं नाही, घरची बाई बाहेर येऊन जी मूठ घालील ती घ्यायची. कोण घालतंय, काय घालतंय, ते पाहायचं नाही. सगळ्या घरांचे तांदूळ त्या एका पात्रात मिसळतात, ते शिजवून विठ्ठलाला नैवेद्य होतो आणि मग पंगत बसते. एकदा पडलेली मूठ कुणाला निराळी काढता येत नाही, हेच तर या रिवाजाचं मर्म, असं वडील आम्हाला समजावून सांगायचे. फार सुंदर सांगायचे.

त्या वर्षी उत्सवाला आठ दिवस असताना तो माणूस परसात आला. भिंतीच्या आत आलेला त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगावरचा पंचा काढून त्याने काखेत धरला होता. वडील मागल्या दारात उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे. त्याने एकच गोष्ट मागितली. या वर्षी सामींनी, म्हणजे वडिलांनी, पात्र घेऊन एकदा चेरीतून जावं आणि चेरीची मूठ देवाच्या भांड्यात पडू द्यावी. आम्ही आत येणार नाही, पंगतीला बसणार नाही, प्रसादही मागणार नाही, म्हणाला. फक्त आमचे तांदूळ तुमच्या तांदळांबरोबर शिजू देत.

मग त्याने उरलेलंही सांगितलं.

"पोराला मी शब्द दिलाय, सामी. आमची मूठ शिजली तर त्याने माझ्या गाण्याला पुन्हा नाव ठेवायचं नाही. नाही शिजली तर मी गाणं सोडून त्याच्या बावट्याखाली उभा राहीन. आणि तिथे उभा राहिलो की झोपडी जाईल, हे मला ठाऊक आहे."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. येईन, म्हणाले.

मग आमच्या घरात रणच माजलं. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, विधवा होऊन आमच्याकडे आलेली आणि स्वयंपाकघराची धनीण, तिने चुलीपुढे बसकण मारली आणि सांगितलं की असले तांदूळ शिजले तर त्या चुलीला ती पुन्हा हात लावणार नाही. तंजावरहून, तिरुनीलक्कुडीहून आमचे सगळे आप्त पंगतीला यायचे. त्यांच्या कानावर गेलं तर एक माणूस पानावर बसणार नाही. मिरासदाराला कळलं तर उत्सवच बंद पडणार. अम्मा, म्हणजे आई, दोन्हीकडचं ऐकून भांडी घासत रडायची. वडील म्हणत, शब्द दिला आहे. तेवढंच म्हणत, आणि जेवता जेवता उठून जात. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मला तर असं वाटायचं की एक दिवस वडील असेच उठून कावेरीकडे जातील आणि परत येणार नाहीत.

पाचव्या दिवशी मला युक्ती सुचली. मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्येला म्हटलं, "अत्या, पात्रांत जागाच नाहीं ऱ्हायली तर?"

मी तिला गणितातलं उदाहरण सोडवून दाखवावं तसं सांगितलं. वडील आधी गावातल्या गल्ल्या फिरतात. फिरून घराशी येतात, तिथे घरची मूठ पडते. त्यानंतर ते पुलापलीकडे चेरीत जातील. घराशी तू मूठ न घालता मापंच्या मापं ओत, पात्र काठोकाठ भरू दे. वडिलांचे डोळे मिटलेले असतात, कोण किती घालतंय ते ते बघतच नाहीत. मी मागून वेताची पाटी घेऊन चालेन. चेरीतले तांदूळ पाटीत पडतील. चेरीत जायचा शब्दही राहील आणि आपली पंगतही राहील.

"अस्कें सुटलें बघ गे," आत्या म्हणाली, म्हणजे सगळं सुटलं, आणि मग तिने ती बोटं मोडली. वडिलांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी पहाटे धुकं होतं. वडील गल्ल्या फिरून घराशी आले, गाणं चालू, डोळे मिटलेले. आत्येने तीन मापं ओतली आणि चौथ्याने वर शीग चढवली. मी पाटी कमरेवर घेतली आणि त्यांच्या मागे निघाले. गावातले टाळकरी पुलापर्यंत आले आणि तिथून काही ना काही निमित्त काढून एकेक जण मागे राहिला. पुलापलीकडे आम्ही दोघंच होतो.

चेरीत सडे घातलेले होते. रांगोळीला तांदळाचं पीठ कुठून आणणार, चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. माणसं झोपड्यांपुढे रांगेने उभी होती, प्रत्येक बाईच्या हातात काहीतरी झाकलेलं. मार्गळीत पीक अजून शेतात उभं असतं. मजुराच्या घरात त्या दिवसांत तांदूळ सापडणं कठीण. त्यांनी ते कसे राखले असतील, हे मला तेव्हा सुचलंही नाही. पलीकडे झाडाखाली मुलगा आणि त्याचे दोघं-तिघं सोबती हाताची घडी घालून उभे होते.

वडिलांनी अभंग उचलला आणि त्या माणसाने त्यांच्या सुरात सूर मिळवला. मध्ये भिंत नव्हती. इतकं चांगलं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मला रडू आलं, खरंच आलं, कमरेवर पाटी असताना.

त्याची बायको पुढे झाली आणि तिने पहिली मूठ पात्रात घातली. तांदूळ शिगेवरून घसरले आणि खाली मातीत पडले. जाडे, आखूड, लालसर तांदूळ. वडील थांबले. पात्राकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "भरलें आहे." मी ठरल्याप्रमाणे पुढे झाले आणि पाटी धरून तमिळमध्ये म्हटलं, यात घाला.

कुणी हललं नाही. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बसला, मातीतले तांदूळ एकेक करून वेचले, पंच्यात पुसले आणि माझ्या पाटीत टाकले. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाटीसुद्धा देवाचीच आहे." मुलगा पात्राकडे बघत होता. त्यानंतर एकामागून एक सगळ्या बाया आल्या आणि पाटी इतकी जड झाली की परतताना मला ती तीनदा खाली ठेवावी लागली. वाटेत वडिलांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पाटी आत्येने स्वयंपाकघरात येऊच दिली नाही. परसातच माझ्या अंगावर पाणी शिंपडलं आणि सांगितलं, गाईच्या आंबोणात ओत. मी घुटमळले तेव्हा म्हणाली, "गाय पण देवच की गे." मी गोठ्यात गेले आणि सगळे तांदूळ गाईपुढच्या दगडी कुंडीत ओतले. समोर मठात नैवेद्य झाला, पंगत उठली. वडिलांचा आवाज त्या दिवशी फार लागला होता, असं सगळे म्हणत होते. चेरीतल्या तांदळांचं काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही.

एवढे तांदूळ एका दिवसात गाय कशी खाणार, याचा हिशेब माझ्या गणितात नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाई गोठा झाडायला आली आणि मी दूध काढायचं भांडं घेऊन गेले, तर ती कुंडीपाशी उभी होती. हात कोपरापर्यंत आत घातलेले. भिजून फुगलेले लाल तांदूळ ती पेंडीच्या पाण्यातून उपसत होती आणि पदरात घेत होती. मला वाटलं आता ओरडेल. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उपसायला लागली.

"त्याला सांगू नका, चिन्नम्मा," ती म्हणाली. मला ती धाकटी मालकीण या अर्थाने चिन्नम्मा म्हणायची. "त्याला वाटतंय शिजले. रात्रभर झोपला नाही आनंदाने. त्याला प्रसाद म्हणून काहीतरी द्या. तुमच्या हाताने द्या, म्हणजे त्याला खरं वाटेल."

आणि मी पुन्हा शहाणपण पाजळलं. आदल्या दिवशीचा दहीभात होता आणि चिंचेचा भातही होता. मी चिंचेचा घेतला, कारण हळदीने आणि चिंचेने तांदळाचा रंग कळत नाही. केळीच्या पानात बांधून तयार ठेवला. तो गवताचा भारा घेऊन आला तेव्हा भिंतीवरून त्याच्या ओंजळीत दिला आणि म्हटलं, तुमचे तांदूळ आहेत यात.

त्याने पान कपाळाला लावलं, उघडलं आणि पहिला घास घेण्याआधी एक शीत चिमटीत धरून बघितलं. जन्म भातशेतीत गेलेला माणूस. रंग झाकता येतो, दाण्याचा आकार कसा झाकणार? आमचे तांदूळ बारीक आणि लांब होते. त्याने भात बोटाने पसरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि त्यात एकही जाडा आखूड दाणा नव्हता. तो मग माझ्याकडे बघून हसला. लहान मुलाने काही सांडलं की मोठी माणसं हसतात तसं. आणि त्याने तो सगळा भात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत, मला वाईट वाटू नये म्हणून. पान घडी करून तो घेऊन गेला.

पुढच्या एकादशीला भिंतीपलीकडून आवाज आला नाही. वडिलांनी नेहमीच्या जागी लय रोखली, थोडी जास्तच रोखली, मृदंगवाला गोंधळून बघायला लागला. पुढे दोन-तीन एकादश्यांना तसंच झालं. मग त्यांनी ते सोडून दिलं.

त्या माणसाने मात्र दिलेला शब्द पाळला. पोंगल झाल्यावर कापणी सुरू झाली आणि चेरीतल्या मजुरांनी पुरं माप मिळाल्याशिवाय विळा उचलणार नाही असं सांगितलं, तेव्हा तो मुलाच्या शेजारी उभा होता. मिरासदाराने बाहेरगावचे मजूर आणले, त्यांच्याबरोबर लाठीवालेही आणले. झोपड्या ओढून पाडल्या त्यात त्याची पहिली. कालव्याच्या बांधावर ताडाच्या झावळ्या टेकवून ते नवराबायको राहायला लागले. आत्येने गोठ्याला दुसरी बाई ठेवली. अम्माने त्या काळात एकदाच तोंड उघडलं. तिने वडिलांना सांगितलं, मिरासदार तुम्हाला मानतो, जाऊन एक शब्द तरी टाका. वडील गेले. दोन तासांनी परत आले. तिथे त्यांना कॉफी दिली होती, एक पदही म्हणायला लावलं होतं, पण त्या गोष्टीचा विषयच निघाला नाही, म्हणाले.

लाल बावट्याने त्या माणसाचं भलं केलं असं मी म्हणणार नाही. त्याची झोपडी गेली, पाठीवर वळ उठले, पुरं माप त्या हंगामात मिळालंच नाही. पण तो बांधावर जाऊन बसला तेव्हा बावट्याची माणसं त्याच्याशेजारी जाऊन बसली, त्याच्याच मडक्यातलं पाणी प्याली. आम्ही पावणेतीनशे अभंग पाठ असलेली माणसं, आम्हाला एवढंसं जमलं नाही. यावर पुष्कळ विचार करून झालाय माझा. अभंगात काही खोट नव्हती, हे मला सगळ्यात जास्त असह्य होतं. खोट असती तर टाकून देता आले असते.

पुढच्या मार्गळीत उत्सवाच्या शेवटच्या दिवशी वडील गल्ल्यांकडे वळलेच नाहीत. रिकामं पात्र खांद्याला अडकवून सरळ पुलाच्या दिशेने निघाले. आत्या ओरडली, अम्मा दारात आली, पण ते थांबले नाहीत. मी तेरा वर्षांची झाले होते आणि मला असं बाहेर जायची आता मनाई होती, तरी मी मागून धावले. पाटी घेतली नव्हती. उंछवृत्तीत पात्र रिकामं आलं तर त्या दिवशी गाणाऱ्याने उपाशी राहायचं, असा नियम आहे. वडील वाटेत मला तो सांगत होते. जणू त्यांना तेच हवं होतं.

चेरीतल्या पुन्हा उभारलेल्या झोपड्यांपुढून आम्ही गेलो. वडील गात होते. माणसं कामं करत होती, कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी उठलंही नाही. गल्ली संपली आणि आम्ही कालव्याच्या बांधावर आलो. ते नवराबायको अजून तिथेच राहत होते. ती बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तो दोरी वळत होता. वडील त्याच्यासमोर उभे राहून गात राहिले, त्याला सगळ्यात आवडायचा तो अभंग. त्याचे ओठ हलतात का म्हणून मी बघत होते. दोरी वळायची थांबली तेवढीच.

अभंग संपला. वडील पात्र पुढे करून उभे होते. खांदा वाकवून, मान खाली. कितीतरी वेळ.

"तांदूळ आहेत, सामी," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण ते आम्ही खाणार आहोत."

बाईने सूप उचललं आणि ती आत गेली. त्याने पुन्हा दोरी घेतली.

परतताना वडील गात नव्हते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वर्षभर माझ्या छातीवर जे बसलं होतं ते मला आता धरून ठेवता येईना. पुलाच्या तोंडाशी मी त्यांचं धोतर धरून थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. युक्ती माझी होती, पात्र भरायला आत्येला मी सांगितलं, तांदूळ मी कुंडीत ओतले, चिंचेचा भात मी दिला. तुम्ही खोटे पडलात ते माझ्यामुळे, म्हटलं. तुम्हाला तर काही ठाऊकच नव्हतं. मी हुंदके देत होते आणि मला वाटत होतं, आता हे मला मारतील, आणि मारलं तर फार बरं होईल.

ते कठड्याला टेकून उभे राहिले. कावेरीला पाणी होतं, पलीकडच्या घाटावर बायका कपडे धूत होत्या.

"मला ठावें होतें गे," ते म्हणाले. "तूं अत्येला सांगत होतीस तेव्हां मी देवघरांतच होतों. अस्कें ऐकलों."

मी त्यांचं धोतर सोडलं.

"बरें वाटलें होतें मला," ते म्हणाले.

आम्ही घरी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत्येने कोठीतले तांदूळ काढून नैवेद्य कधीच करून टाकला होता. पानं मांडली होती, आप्त मंडळी हातपाय धुऊन खोळंबली होती. वडिलांनी रिकामं पात्र खुंटीला अडकवलं. आता ते सांगतील की मी जेवणार नाही, म्हणून मी दारात थांबले. चुलत्यांनी त्यांना हाक मारली, तुमच्यासाठी सगळे थांबलेत. वडील क्षणभर उभे राहिले आणि मग पंगतीच्या टोकाला जाऊन पानावर बसले. त्यांना वाढलं. ते जेवले. थोड्या वेळाने अम्माने मलाही बोलावलं, आणि मला भूक लागली होती.